जिन्याखालची भाडेकरू

आमच्या घरात एक मुलगी दोन वर्षं राहिली. तिचं टपाल आमच्या दारात यायचं, तिची आई आमच्या पायरीवर येऊन बसायची, आणि तिला मी या डोळ्यांनी एकदाही पाहिलं नाही. पाहणार कशी? ती नव्हतीच. पण तिचं सांगायचं तर आधी माझ्या धाकट्या जावेचं सांगायला हवं, कारण त्या मुलीला घरात आणलं ते तिनं.

जाऊ या घरात आली तेव्हा विशीतली होती. अंगानं काडी, बोलणं त्याहून बारीक. सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात तिला वाणसामानाची यादी लिहायला बसवलं. कागद कोरा, रेघा न आखलेला. हिनं लिहिलेल्या ओळी बघून सासरे पट्टी घेऊन आले, प्रत्येक ओळीखाली लावून पाहिली आणि म्हणाले, "ही सून नव्हे, रेघ आहे." झालं. त्या दिवसापासून ती सगळ्यांची रेघ. मला म्हणाल तर माझ्या यादीला सासऱ्यांनी कधी पट्टी लावली नाही. मी तिसरीत शाळा सोडली, आणि माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला.

रेघेचं अक्षर तिच्या शाळेतल्या बाईंचं होतं. म्हणजे खरोखरच त्यांचं. त्या बाईंनी तीस वर्षं मुलींच्या शाळेत एकच वर्ग शिकवला आणि एकच अक्षर शिकवलं. मुलीची बोटं आपल्या मुठीत धरून लिहून घ्यायच्या. म्हणायच्या, "हे अक्षर माझं आहे. तुम्हाला वापरायला दिलंय. खराब करून परत आणू नका." पत्र कसं लिहायचं तेही त्यांनीच शिकवलं. उजव्या कोपऱ्यात पत्ता, त्याखाली तारीख, मग मायना. बिनपत्त्याचं पत्र म्हणजे बेवारस पोर, असं त्यांचं म्हणणं. बेवारस पोराचं नाव काढलं की वर्गात पोरी रडायच्या म्हणे. पण पत्ता विसरायची कुणाची टाप नव्हती.

त्या अक्षरावर रेघेला काम मिळालं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी छापखाना होता. लेखक मंडळींची हस्तलिखितं बघून तिथले खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारे कपाळ बडवून घ्यायचे. म्हणून मालक ती हस्तलिखितं आमच्याकडं पाठवायचे आणि रेघ त्यांची स्वच्छ प्रत करून द्यायची. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मी. छापलेले मोठे कागद यायचे, त्यांच्या घड्या घालायच्या, हाडाच्या पट्टीनं दाबायच्या आणि गठ्ठे बांधायचे. म्हणजे पुस्तक घरात शिरायचं तिच्या हातानं आणि बाहेर पडायचं माझ्या हातानं. मधलं छापखान्यात. मी हजारो पुस्तकं हाताळली, वाचलं एकही नव्हतं. घड्या घालताना अर्धी ओळ दिसायची, पुढची अर्धी पानाच्या पाठीवर. त्यात कुणाचं लग्न झालं आणि कोण मेलं काही कळायचं नाही.

मग ती पत्रांची कादंबरी आली.

नात आता कॉलेजात जाते. ती म्हणते, आजी, याला पत्ररूप कादंबरी म्हणतात, आमच्या अभ्यासाला आहे, त्यावर दहा मार्कांचा प्रश्न येतो. येत असेल. आम्हाला फुकट आली होती. त्या पुस्तकात घर सोडून गेलेली एक मुलगी आईला पत्रं लिहिते. चाळीस पत्रं. आईचं उत्तर एकही नाही. बाकी काही नाही. कुणी गोष्ट सांगत नाही, सकाळ झाली, सूर्य उगवला, तो म्हणाला, ती म्हणाली, काहीच नाही. पत्र संपलं की दुसरं पत्र. मधल्या दिवसांत काय झालं ते तारखा बघून आपण ओळखायचं.

लेखकमहाशय स्वतः घरी आले होते समजवायला. "या प्रकारच्या कादंबरीत," ते म्हणाले, "लेखकाला तोंड उघडता येत नाही."

तोंड उघडता येत नाही असा लेखक मी काही त्या दिवशी पाहिला नाही. दोन तास बोलत होते, चहा तीनदा झाला. पण एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला तेव्हाच लागली. रेघेनं विचारलं होतं, "शेवटी त्या मुलीचं काय होतं?"

"चाळिसावं पत्र होतं," ते म्हणाले.

"आणि मग?"

"मग एक्केचाळिसावं येत नाही."

"म्हणजे मेली?"

"मला काय माहीत? तिनं कळवलं तर कळणार ना!" आणि हसले. मला त्यांचं हसणं आवडलं नाही.

मालकांच्या डोक्यात असं आलं होतं की ही पत्रं खिळ्यांत जुळवायची नाहीत. कुणीतरी सुंदर हातानं लिहायची आणि त्या लिहिलेल्या कागदांचे ठसे करून तसेच्या तसे छापायचे. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की कुणाचं तरी टपाल हाती लागलंय. लेखकमहाशयांचं अक्षर पाण्यात पडलेल्या मुंग्यांसारखं. तेव्हा लिहिणार कोण? रेघ.

तिनं चाळीस पत्रं दोन महिन्यांत लिहिली. आणि चाळीसच्या चाळीस पत्रांच्या उजव्या कोपऱ्यात तिनं पत्ता घातला. लेखकानं पत्ता घातलाच नव्हता, नुसती तारीख होती. हिचा हात थांबला नाही. घातला तो कुठला? तिला येत होता तोच. आमचा. घराचा नंबर, गल्ली, मागचं दार, सगळं.

तुम्ही म्हणाल, छापताना कुणी पाहिलं नाही? छापखान्यात चुका तपासायला एक म्हातारे गृहस्थ होते, काना-मात्रेसाठी जीव द्यायचे. पण त्यांचा रिवाज असा की खिळ्यांत जुळवलेलं तपासायचं. हातानं लिहिलेलं म्हणजे चित्र, आणि चित्रात चूक काय बघायची? लेखकानं आपली वाक्यं तेवढी पाहिली. आणि घड्या घालणारीनं, म्हणजे मी, नेहमीप्रमाणे काहीच वाचलं नाही. आमच्या घराचा पत्ता मी एकेका प्रतीत चाळीस वेळा हाडाच्या पट्टीनं दाबून गुळगुळीत केला.

पुस्तक बाहेर पडलं आणि महिन्याभरात टपालवाला दारात हसत उभा.

"तुमच्याकडं नवीन भाडेकरू आलीय वाटतं? भाडंबिडं देते का?"

पाकिटावर पुस्तकातल्या मुलीचं नाव, खाली आमचा पत्ता. एका कॉलेजातल्या पोरीनं लिहिलं होतं, तू मुळीच परत जाऊ नकोस. दुसऱ्या दिवशी एका निवृत्त हेडक्लार्कचं आलं, तू ताबडतोब घरी जा, आईबापांना छळू नकोस. एकानं तर लग्नाची मागणी घातली होती, वर स्वतःची उंची कळवली होती. आम्ही हसून हसून बेजार. रेघ मला वाचून दाखवायची. पहिल्या पंधरा-वीस पत्रांना हसलो. मग हसू कमी होत गेलं. पत्र लिहिणारं प्रत्येक माणूस तिच्याशी बोलत होतं, ती आहे असं धरून. इतक्या लोकांनी एखादीला आहे म्हटलं, की आपल्यालाही चुकल्यासारखं वाटायला लागतं.

आणि ती राहत कुठं होती? पुस्तकात ती जिन्याखालच्या खोलीत राहते. आमच्या घरात जिन्याखाली एक खोली होती. तशी ती कितीतरी घरांत असते, त्यात नवल नाही. आमच्या त्या खोलीत मोडक्या खुर्च्या होत्या. रेघेनं टपाल ठेवायला तीच जागा धरली. "तिचं आहे, तिच्या खोलीत ठेवते," एवढंच म्हणाली.

एका दुपारी मी वरून खाली आले तर रेघ त्या खोलीत खुर्च्यांच्या मधोमध जमिनीवर बसलेली.

"काय गं, इथं काय करतेस?"

"तिनं लिहिलंय, डोक्यावरून कोण गेलं ते पावलावरून कळतं. बघत होते, खरं आहे का."

"मग?"

"खरं आहे. जाऊबाई, तुम्ही सातव्या पायरीवर थांबता."

"गुडघा दुखतो म्हणून थांबते. त्यात काय?"

"अकराव्या पत्रात एक बाई आहे," ती म्हणाली, "रोज सातव्या पायरीवर थांबणारी. ती का थांबते ते त्या मुलीला कधी कळत नाही."

मी म्हटलं, तूच घातलं असशील. ती शपथेवर सांगायला लागली की एक शब्द वरखाली केलेला नाही. लेखकाला विचारलं तर म्हणाले, "मी लिहिलंय? असेल." त्या दिवसापासून मी सातव्या पायरीवर थांबायचं सोडलं. गुडघा दुखला तरी दात आवळून चढायचे. हळूहळू घरातले सगळेच जिन्यावरून हलक्या पायांनी जायला लागले. आमचे भावजी, म्हणजे रेघेचा नवरा, जिना चढताना दणदण आवाज करायचे, तेही चपला हातात घेऊन वर जाताना मी पाहिले. मी विचारलं, "काय हो भावजी, कुणी झोपलंय का?" ते म्हणाले, "नाही हो वहिनी, उगीच." कुणी कुणाला कारण सांगितलं नाही.

असं दीड वर्ष गेलं आणि एका गुरुवारी दुपारी बटणवाली आली.

तिचं बाजारात बटणांचं दुकान होतं. साठीच्या आसपासची, अंगावर कुठं एक सुरकुती नको अशी साडी. हातात फडक्यात बांधलेलं ते पुस्तक. दारात उभी राहून आधी तिनं जिन्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"माझी मुलगी इथं राहते," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

तिची मुलगी अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती, एकोणीस वर्षांची असताना. मागं चार ओळींची चिठ्ठी. त्यानंतर नाव नाही, गाव नाही. बटणवालीला वाचता येत नव्हतं. पण मुलीचं अक्षर तिला माहीत होतं, जसं आपल्याला कुणाची चाल माहीत असते. एक गिऱ्हाईक बटणं निवडताना हातातलं पुस्तक उघडंच गल्ल्यावर ठेवून उभं राहिलं, आणि हिनं आपल्या मुलीचं अक्षर ओळखलं. मग तिनं तेच पुस्तक विकत घेऊन दुकानात ठेवलं. जे गिऱ्हाईक वाचता येणारं वाटेल त्याला म्हणायची, बटणं काढते तोवर एवढं वाचून दाखवा. ज्याच्या हाताला जे पान लागेल ते तो वाचायचा. असं वर्षभर चाललं. तिनं ती चाळीस पत्रं अशी ऐकली, बाविसावं आधी, तिसरं मागून, काही सहासहा वेळा. पत्ता मात्र तिच्या कुणी लक्षात आणून दिला नव्हता. तो परवा एका शाळकरी मुलीनं वाचला.

तिनं कमरेच्या पिशवीतून ती चिठ्ठी काढली आणि पुस्तकाशेजारी ठेवली. मी पाहिलं. रेघेनं पाहिलं. तेच अक्षर. तोच 'ल', तीच वेलांटी, तशीच सरळ ओळ. नंतर ती मला म्हणाली, "जाऊबाई, क्षणभर मला वाटलं ती चिठ्ठी मीच लिहिलीय." ती मुलगीही त्याच बाईंच्या हाताखालची, रेघेच्या मागून पाच-सहा वर्षांनी त्या वर्गात बसलेली. बाईंनी तिलाही तेच अक्षर वापरायला दिलं होतं.

पण हे आम्हाला सुचेपर्यंत घोळ होऊन बसला होता, आणि तो माझ्यामुळं. बटणवालीनं विचारलं, "आहे का ती?" रेघेच्या तोंडून शब्द फुटेना. त्या बाईचे डोळे मला बघवेनात. मी म्हटलं, "आत्ता इथं नाही ती."

खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. बटणवालीनं मान हलवली, "कामाला गेली असेल," म्हणाली आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. संध्याकाळपर्यंत बसली. जाताना म्हणाली, "पुढच्या गुरुवारी येते. दुकान बंद असतं."

ती गेल्यावर रेघ माझ्यावर अशी भडकली की विचारू नका. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज भिंतीपलीकडं गेला.

"इथं नाही म्हणजे काय? कुठंच नाही म्हणायचं होतं!"

"तू का नाही म्हणालीस?"

"माझं तोंड कुठं चाललं?"

"मग माझं चाललं ते चुकलं का?"

"चुकलं!"

चुकलंच होतं. पुढचे तीन गुरुवार बटणवाली आली. पायरीवर बसायची. चहा घ्यायची. जिन्याखालच्या दाराकडं बघायची, पण ते उघडा असं कधी म्हणाली नाही. "आईला बघायचं नसेल तिला," म्हणायची, "मी वाट बघते. मला सवय आहे." गल्लीत पाऊल वाजलं की मान वळायची. ती मान वळताना बघणं म्हणजे कुणीतरी आपल्याच मानेला हात घातल्यासारखं वाटायचं. रेघेला जेवण जाईना. ती मला म्हणाली, "सांगितलं तर तिची मुलगी दुसऱ्यांदा जाते. नाही सांगितलं तर ही इथं बसूनच मरेल." मी म्हटलं, "मग सांग." ती म्हणाली, "तुम्ही सोबत बसा."

चौथ्या गुरुवारी रेघेनं तिला टेबलापाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. पत्रं कुणी रचली, लिहिली कुणी, पत्ता कसा पडला. बटणवालीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असं सांग म्हणून तिनंच सांगितलंय ना तुला?"

"नाही हो मावशी."

"तिचा हट्टी स्वभाव. मला माहीत आहे."

रेघेनं मग एक शब्द न बोलता कोरा कागद ओढला, टाक घेतला आणि तिच्यासमोर लिहायला लागली. पहिल्या पत्राची पहिली ओळ. मग ती चिठ्ठीतली ओळ, मी जाते, मला शोधू नका. बटणवाली बघत होती. आपल्या मुलीचं अक्षर परक्या बाईच्या बोटांतून एकेक करून बाहेर येताना बघत होती. मधेच तिनं रेघेचं मनगट धरलं. दाबलं नाही, नुसतं धरलं, जसं बाळाचं धरतात. म्हणाली, "ती टाक अजून खाली धरायची."

मला वाटलं आता रडेल. पण ती रडली नाही. म्हणाली, "अकरा वर्षं मी रडले नाही. रडले तर ती मेली असं होईल म्हणून. परत आली आणि आई रडून मोकळी झालेली दिसली तर काय म्हणेल?" मग रेघेकडं वळली. "पोरी, तू चाळीस लिहिलीस. अजून एक लिही. ती गेली म्हणून लिही. खोटं आहे ते मला माहीत आहे. पण मला संपवून दे. रडायला मला एक कागद हवा."

रेघ हात मागं घेऊन बसली. हात मांडीखाली दाबले अगदी. "नाही," म्हणाली. "ती कुठंतरी असेल तर? या अक्षरानं मी तिला मारलं तर?"

"अगं, नुसता कागद आहे," मी म्हटलं.

"आणि मेलेलं माणूस पत्र कसं लिहिणार जाऊबाई? लेखकालासुद्धा जमलं नाही ते. तिच्या अक्षरात तिचं मरण बसतच नाही."

हे खरं होतं. बटणवालीलाही ते पटलं. तिनं वर्षभर ती पत्रं ऐकली होती, तिला त्यांची रीत आमच्यापेक्षा जास्त कळत होती. ती हळूच म्हणाली, "म्हणजे दुसऱ्या कुणीतरी कळवायला हवं." आणि दोघीही माझ्याकडं बघायला लागल्या.

मी म्हटलं, "मला? अहो, मला जोडाक्षरं येत नाहीत!"

"बरंय," बटणवाली म्हणाली. "घरमालकिणीचं पत्र असंच असतं."

तर मग मी लिहिलं. आयुष्यातलं पहिलं पत्र. उजवीकडं पत्ता, तो तर आमचाच. तारखेपाशी थांबले. रेघ म्हणाली आजची घाल. बटणवाली म्हणाली, "नको. शेवटच्या पत्रानंतर दहा दिवसांची घाला. म्हणजे तिनं लिहिलं नाही असं होणार नाही. तिला लिहिता आलं नाही असं होईल."

"काय झालं होतं तिला?" मी विचारलं. विचारत होते कुणाला, ते माझं मलाच कळत नव्हतं.

"ताप?" रेघ म्हणाली.

"ताप नको. तापात ती मला हाका मारायची लहानपणी. मी नव्हते ना इथं."

"मग झोपेत?"

"झोपेत चालेल. दुपारच्या. दुपारी झोपायची तिला फार हौस, त्यावरून मी ओरडायचे." जरा थांबून म्हणाली, "एकटीच होती असं नका लिहू."

"मग कोण होतं म्हणू?"

"तुम्ही."

मी लिहिलं, मी तिच्या उशाशी होते. लिहिताना हात थरथरला नाही हे मला आजही आवडत नाही. पुढं लिहिलं, त्रास झाला नाही. तुमचं नाव घेत होती. ते बटणवालीनं खोडायला लावलं. म्हणाली, "ते खोटं वाटतंय. तिनं घेतलं नसतं." मी खोडलं. त्याजागी तिनं सांगितलं तसं लिहिलं, तिची खोली नीटनेटकी होती. तेवढं पत्र लिहायला दिवेलागणीची वेळ झाली. मग मी ते अडखळत अडखळत मोठ्यानं वाचलं, आणि बटणवाली रडली. मूकपणे नव्हे, चांगली गळा काढून. वरून भावजी धावत आले, मी हातानंच त्यांना परत पाठवलं. रेघ तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, पण कुणी कुणाला गप्प हो म्हटलं नाही.

पदरानं तोंड पुसून झाल्यावर बटणवालीनं विचारलं, "तिचं काही मागं राहिलंय का?"

हे मला सुचलंच नव्हतं. माणूस गेलं म्हटलं की सामान येतं. रेघ उठली, आत गेली आणि स्वतःचा कंगवा घेऊन आली. त्यात तिचे दोन-चार केस अडकलेले. तसाच दिला. बटणवालीनं कंगवा उजेडाकडं धरला, एक केस काढून बोटाला गुंडाळला आणि म्हणाली, "काळेच होते की अजून." कंगवा आणि माझं पत्र फडक्यात बांधून घेतलं. पुस्तक टेबलावरच राहिलं. पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही.

टपाल आणखी सहा-सात महिने येत राहिलं, मग आटलं. रेघ पुढं पंचवीस वर्षं लोकांच्या कादंबऱ्या उतरवत होती, पण पत्रांची आली की परत पाठवायची. मालक विचारायचे का, ती म्हणायची डोळे दुखतात. घरात आम्ही त्या गोष्टीचं नाव काढत नव्हतो. पण दाराशी कुणी अनोळखी बाई उभी राहिली की आम्ही दोघी एकदम उठायचो आणि आधी एकमेकींकडं बघायचो. पुस्तक अजून लोकांच्या घरात आहे, पत्ता त्यात चाळीस वेळा आहे, आणि ती मुलगी जिवंत असेल तर आपलंच अक्षर बघून कुतूहलानं यायची की नाही? किती बायका आल्या. विमेवाली, शेजारच्या गल्लीतलं घर शोधणारी, पाणी मागणारी. वय जुळतंय असं वाटलं की मला घाम फुटायचा. मनात एकच यायचं, हिला आम्ही दुपारच्या झोपेत मारून बसलोय.

रेघ शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिच्या उशाशी बसायचे. खरोखरच. एका दुपारी तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "जाऊबाई, माझ्यामागं ती आली तर काय सांगाल?"

"कोण ती?"

"उगीच वेड पांघरू नका."

मी म्हटलं, "आधी चहा देईन."

"आणि मग?"

"मग सांगेन, तुझी आई रडली. अकरा वर्षांनी रडली. ते पत्र जावेनं नाही, मी लिहिलंय. राग धरायचा तर माझ्यावर धर."

"आणि ती म्हणाली, मी मेले नव्हते, तर?"

याचं उत्तर मला सुचलं नाही. रेघ वाट बघत राहिली, मग तिला झोप लागली. मी तिथंच बसले होते. ती उठली की सांगू असं म्हणून मी मनात चार-पाच उत्तरं जुळवली, पण एकही धड नव्हतं. अजून जुळवते आहे. काल दुपारी घंटा वाजली, दार उघडलं तर पन्नाशीच्या पुढची एक बाई. कुणाचा तरी पत्ता विचारत होती. आमचा नव्हता. मी तिला रस्ता सांगितला आणि ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत दारात उभी राहिले.